शिवेवरची मोटार

परवा नातजावयाच्या कारखान्यात सत्यनारायणाला गेले होते. अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत. पूजेसाठी माग बंद होते, म्हणून त्या अवाढव्य शेडमध्ये चक्क एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं. मी प्रसादाचा द्रोण घेऊन मागच्या खिडकीशी वाऱ्याला बसले. पलीकडे भंगारवाल्याचं आवार होतं. गंजलेली पिंपं, मोडक्या सायकली आणि त्यांच्या मधोमध विटांवर टेकवलेली एक बिनचाकांची बस. बसमध्ये बिऱ्हाड होतं. एका खिडकीतून दुसरीपर्यंत दोरी बांधून पातळ वाळत घातलं होतं, पायरीवर पत्र्याच्या डब्यात तुळस होती, आणि आतून कांदा परतल्याचा वास थेट आमच्या सत्यनारायणापर्यंत येत होता.

"आजी, काय बघताय एवढं?" नातीनं विचारलं.

"माझं सासर," मी म्हटलं.

सगळे हसले. ऐंशी ओलांडली की खरं बोललेलंही गमतीत जातं. मीही हसले, पण द्रोणातला प्रसाद तसाच राहिला. त्या कांद्याच्या वासामागोमाग मला दुसरा एक वास यायला लागला होता. पेट्रोल, हायपो आणि ओल्या कडुलिंबाचा. तिन्ही एकत्र मी आयुष्यात एकाच ठिकाणी हुंगलेत, आणि ते ठिकाण कधीही एका ठिकाणी नसायचं.

माझं लग्न झालं तेव्हा सासरचं बिऱ्हाड सोलापुरात, गिरणीजवळच्या चाळीतल्या एका खोलीत होतं. सासूबाई, थोरले भावजी, अक्का म्हणजे थोरल्या जाऊबाई, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की प्रत्येक जण कुणाच्या तरी अंगावरून ओलांडून उठायचा. चुलीपुढं एकच पाट होता आणि तो अक्कांचा होता. त्या वाईट नव्हत्या, उलट मायाळूच होत्या, पण आमटीत मीठ त्यांच्याच हातानं पडायचं. मी कोथिंबीर निवडायची, ताटं मांडायची, पाणी भरायचं. मला आपल्या हातानं आमटीत मीठ घालायचं होतं. सतरा वर्षांच्या पोरीची यापेक्षा मोठी महत्त्वाकांक्षा त्या काळी नसायची, निदान माझी तरी नव्हती.

हे फोटो काढायचे. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि आता सवय उरली नाही, म्हणून 'हे'च. एका फोटोवाल्याकडे पडदे रंगवता रंगवता ते कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली शिरले ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत, असं सासूबाई म्हणायच्या. एक दिवस हे घरी आले ते मोटार घेऊन. तेव्हा गावोगाव जाणाऱ्या खाजगी बसला सर्व्हिस मोटार म्हणत. अशीच एक निकामी होऊन पडलेली मोटार ह्यांनी आणली होती, आणि तिच्यात राहून खेडोपाडी फोटो काढत फिरायचं असा बेत जाहीर केला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. थोरले भावजी गिरणीत मुकादम होते. त्यांनी आधी मोटारीला एक चक्कर मारली, चाकाला लाथ घालून पाहिली आणि मग निकाल दिला.

"शिमग्यापर्यंत मुदत. तोवर एका तरी गावानं तुम्हाला आठ दिवस ठेवून घेतलं, तर मी मानीन की तुमचं हे खूळ चालण्याजोगं आहे. नाही ठेवलं तर मोटार विकायची, सूनबाईनं या खोलीत यायचं आणि तू माझ्याबरोबर गिरणीत."

"आठ दिवस काय, महिनाभर ठेवतील!" हे म्हणाले. ह्यांना अजून खेडी माहीत नव्हती आणि मला अजून हे माहीत नव्हते.

दिवाळीचं फराळाचं संपलं आणि आम्ही निघालो. मोटारीचा एका बाजूचा बाक काढून तिथं फळ्या ठोकल्या होत्या. फळ्यांना पुढून पट्टी होती, डबे पडू नयेत म्हणून. मागचा तुकडा काळ्या कापडानं बंद करून त्यात ह्यांची अंधारखोली, तिथं हायपो नावाच्या औषधाच्या पाण्यात फोटोच्या काचा धुवायच्या. आणि दाराशी, जिथं पूर्वी तिकिटं देणारा उभा राहायचा, तिथं माझी शेगडी. पहिल्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ घातलं. एकदा हौसेनं आणि एकदा विसरून. ह्यांनी सगळी खाल्ली आणि नंतर तांब्याभर पाणी प्यायले.

त्या घराच्या गमती कुठल्या घराला नव्हत्या. मोटार चालू असली की विरजणाचं मडकं मी टपाच्या हुकाला टांगायची. चाकोऱ्यांतून हेलकावे खात दोन कोस गेलं की लोणी आपोआप वर. रवी म्हणून कधी घेतलीच नाही. पण हरभऱ्याची डाळ आणि साखर त्याच हेलकाव्यांनी एकत्र यायची, मग गाडी थांबली की मी निवडत बसायची. सकाळी उठून दार उघडलं की आज अंगणात काय असेल ते ठाऊक नसायचं. एकदा करडईचं फुललेलं शेत होतं. एकदा एक म्हैस दारातून आत डोकावत होती आणि तिला बाहेर काढायला पाऊण तास लागला. मार्गशीर्षात हुरड्याच्या आगट्यांचा धूर रानभर पसरायचा. आम्हाला कुणी बोलवायचं नाही, पण धुराला कोण अडवणार? मी खिडक्या उघड्या ठेवायची.

बोलवायचं नाही कुणी, हे खरं. तो मुलूख कोरडा. काळी जमीन भेगाळलेली, विहिरी खोल, आणि आमची तहान तिहेरी: मोटारीला पाणी, काचांना पाणी, भाताला पाणी. कुठल्याही गावाच्या पाणवठ्यावर अशी मंडळी कुणाला हवीत? बाभळीचे काटे चाकांत घुसायचे. मोटार बंद पडली की पुढं जाऊन हँडल मारावं लागे, आणि ते उलट फिरलं की ह्यांचा हात दिवसभर सुजलेला. हे सगळं सोसण्यासारखं होतं. पण गाव आलं की वेशीतच कुणीतरी आडवं उभं. बैल बुजतात. फोटोनं आयुष्य कमी होतं. मोटारीमागून सरकारी माणूस येतो आणि जमीन मोजतो. सांगोल्याच्या बाजूला एका गावात दोन दिवस राहिलो, तर तिसऱ्या दिवशी कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं आणि त्याचं खापर आमच्या भोंग्यावर फुटलं.

"रातीपुरतं ऱ्हावा, सकाळच्याला निगा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं पाठ झालं होतं. लोक दुष्ट नव्हते. कुणी जाताना भाकरीही हातावर ठेवायचे. पण जा म्हणायचे.

पौष गेला, माघ गेला. तीन दिवसांच्या वर कुणी ठेवलं नाही. फाल्गुन लागला तशी मी बोटं मोजायला लागले. ह्यांच्यासमोर हसायची, पण एकटी असले की फळीवरचे डबे उगाच पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. शिमगा बारा-तेरा दिवसांवर आला होता, आणि मला माझी शेगडी सोडायची नव्हती.

आता त्या दिवसाचं सांगते. अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी आणि मराठी एकाच ओसरीवर बसतात त्या भागात आम्ही होतो. सकाळी एका मळ्यातल्या विहिरीवर मला पोटभर पाणी मिळालं. कित्येक दिवसांनी डोक्यावरून न्हायले आणि केस मोकळे सोडून पुढच्या बाकावर वाळवत बसले. ऊन लागून चेहरा भाजला होता, म्हणून साईत कालवलेली हळद थापली होती. कुंकू नेहमीचं, रुपयाएवढं. लग्नातलं हिरवं लुगडं, हिरवा चुडा. उन्हानं टप तापू नये म्हणून ह्यांनी मोटारीवर आणि पुढं इंजिनावर कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या. अशा थाटात आम्ही एका गावाच्या शिवेतून आत शिरलो आणि मोटार बंद पडली. हे रस्सी घेऊन खाली शिरले.

आम्हाला ठाऊक नव्हतं की त्या भागात पटकी, म्हणजे कॉलरा, आल्याची कुजबुज होती. तशी कुजबुज उठली की तिकडं मरीआईचा गाडा काढायचे. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हळद-कुंकू, हिरवी चोळी, लिंबाचा पाला. वाजतगाजत तो आपल्या शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचं, म्हणजे रोगराई त्याच्याबरोबर गेली. पलीकडचेही तयारच असत. ते देवीची ओटी भरून, नैवेद्य दाखवून, दिवस मावळायच्या आत गाडा आपल्या दुसऱ्या शिवेपार लोटत. देवीला नीट निरखायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, मान खाली घालून ढकलायचं. असा तो गाडा गावोगाव पुढं सरकायचा. त्या दिवशी त्या गावाला वरच्या अंगानं गाडा येणार असा सांगावा होता.

आधी हलगी ऐकू आली. मग बाभळींमधून माणसं आली, तीस-चाळीस तरी. मला वाटलं, मारायला येताहेत. पुढचा म्हातारा दहा पावलांवर थांबला, माझ्या हळदीच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि धाडकन दंडवत घातला.

"आता देवीबी मोटारीनं याया लागली," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

एवढ्यात मोटारीखालून हे बाहेर आले. तोंड तेलानं काळंकुट्ट, उघडं अंग, खांद्यावर रस्सी. देवीबरोबर तिचा पोतराज असतो, उघड्या अंगाचा, हातात आसूड घेतलेला. लोक चार पावलं मागं सरले. एका बाईनं ह्यांच्याही पायांवर पाणी घातलं.

"हे काय चाललंय?" मी दातांतल्या दातांत विचारलं.

ह्यांनी क्षणात सगळं ओळखलं असावं, कारण डोळे चमकले. "गप्प बस. हलू नकोस. ढकलताहेत ना, ढकलू दे. पेट्रोल वाचतंय."

आणि ढकललं की हो! हलगी कडाडली, भंडारा उधळला आणि इतके हात मोटारीला लागले की ती रुळावरून चालल्यासारखी निघाली. खड्डा आला की उचलून काढायचे. बाया धावत येऊन माझ्या ओटीत खण, नारळ, बांगड्या टाकत होत्या आणि नजर चुकवून पळत होत्या. मला आतून हसू फुटत होतं आणि ते दाबताना सगळं अंग थरथरायचं. ते पाहून लोकांना आणखीच खात्री पटायची. दुसऱ्या गावाच्या शिवेवर दुसरी हलगी उभी होतीच. त्यांनी आम्हाला हातोहात उचललं. महिन्याभरात मोटार स्वतःच्या जोरावर गेली नव्हती एवढी त्या एका दिवसात गेली.

फक्त पोटात कावळे ओरडत होते. समोर पुरणपोळ्यांची चळत, दहीभात, कुरड्या, आणि मी देवी! चारचौघांत देवी जेवेल कशी? दुपार कलली तसं हसूही ओसरलं. मी ओटीतल्या खणांकडे बघत होते. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. आणि ह्या मान देणाऱ्या प्रत्येकाला एकच घाई होती, मी लवकरात लवकर त्याच्या शिवेबाहेर जावं ही. नुसत्या माणसांना निदान रात्रभर तरी राहू देत. देवीला तेवढंही नाही. मी मान वर करून बसले, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्यानं हळद ओघळणार नाही.

तिसऱ्या गावाची पलीकडची शीव म्हणजे एक ओढा होता. काठ उभा, खाली दगडधोंडे. सूर्य टेकायला आला होता आणि लोक घाईत होते. लाकडी गाडा असता तर चौघांनी खांद्यावर घेऊन उतरवला असता. मोटार काही खांद्यावर घेता येईना. म्हणून त्यांनी ठरवलं, काठावरून सोडून द्यायची.

हे पुढं धावले. हात पसरून ओरडत होते, पण हलगीच्या कडकडाटात काही ऐकू जाईना, आणि उड्या मारणारा पोतराज म्हणजे अंगात आलेला पोतराज. लोकांनी उलट त्यांच्यापुढं लिंबू कापलं. मोटारीचं नाक काठाकडे वळलं. आत फळीवरचे डबे पट्टीशी सरकले. विरजणाचं मडकं हुकावर झुलायला लागलं. मी मागं वळून बघितलं: शेगडी, पाट, अंधारखोलीचा काळा पडदा, दोन ताटं. तोवर त्या मोटारीला मी नेहमी 'ह्यांची मोटार' म्हणायची.

मी बाकावर उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "थांबा! माझं घर मोडेल!"

हलगी थांबली. हात थांबले. ओढ्यातल्या टिटवीचा आवाज तेवढा येत होता. चाळीस माणसं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होती.

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. ती पाटलाची आई, निंगव्वा. पुढं तिनं मला लेक मानलं, पण त्या क्षणी मला वाटलं, ही आता काठीच घालणार. तिनं जवळ येऊन माझ्या गालावरून बोट फिरवलं, बोटावरची घाम मिसळलेली हळद बघितली आणि विचारलं, "ऊटा आतेनव्वा?"

मला कानडी येत नव्हतं. तिनं पाची बोटं तोंडाशी नेली. "जेवलीस का गं?"

सकाळपासून पुरणपोळ्यांच्या राशीत बसले होते, आणि हे विचारणारी ती पहिलीच. मला रडूच फुटलं. मान हलवून नाही म्हटलं.

"आये, आदी ही कोन हाय, कुटनं आली ते तर इचार!" पाटील ओरडला. चांगला सहा फुटी माणूस, मिशा कानापर्यंत.

"उपाशी हाय एवडं कळलं की. बाकीचं सकाळच्याला इचारू."

मग ह्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. फोटो, मोटार, बंद पडलेलं इंजिन, दोन गावांची हलगी. पाटलाचा पारा चढला. "म्हंजी समद्या गावाला येडं केलंत व्हय? आन् ही बया एवडा येळ बोलली का न्हाय?"

"कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. पण पाटील गंभीरच होता. त्याला खरी भीती वाटत होती, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. "ते काय न्हाय. देवी म्हनून आली, तर देवीवानीच जायाला पायजे. गावावर काय इगीन आलं तर? दिस मावळायच्या आत शिवंच्या पार न्या."

निंगव्वा लेकाकडे वळली. "देवी असती तर म्या सोता ढकालली असती. पर ही माणूस हाय. देवी गावात रात ऱ्हायाला नगं, खरं हाय. पर माणसाला दिवं लावायच्या वक्ताला दारातनं घालवत्यात व्हय? कुन्या गावची रीत हाय ही? सांग की."

सूर्य बुडाला. लोकांनी मोटार काठावरून मागं ओढली, निंगव्वानं एक मोठा धोंडा आणवून चाकाखाली लावायला लावला आणि मला पदराला धरून घरी जेवायला नेलं. माझ्याच नैवेद्याच्या पोळ्या तिनं तव्यावर पुन्हा गरम केल्या. मी सहा खाल्ल्या.

त्यानंतरच्या दिवसांवरून मी अजून हात फिरवत असते. रोज सकाळी पाटील मोटारीशी येऊन खाकरायचा. "आज निगनार?" पहिल्या दिवशी हे म्हणाले, इंजिन खोललंय. दुसऱ्या दिवशी निंगव्वा म्हणाली, माझा फोटू काढल्याबिगर जायाचं न्हाय, आणि म्हशीला घेऊन आली. म्हैस हलली म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा. ह्यांनी काच धुतली, तिच्यावर कागद लावून चौकटीत घातला आणि उन्हात ठेवला. तेव्हा फोटो असे उन्हात उगवायचे. कोऱ्या कागदावर आधी म्हशीची शिंगं आली, मग निंगव्वाचं नाक, मग हळूहळू सगळी निंगव्वा. भोवती अख्खं गाव उकिडवं बसलेलं, श्वास रोखून.

"म्या मेले न्हाय," निंगव्वानं सगळ्यांना जाहीर केलं आणि मग रांग लागली.

काचा धुवायला बाया आपणहून घागरी आणायच्या. काळ्या पडद्यामागून हायपोचा वास यायचा आणि पडद्याबाहेर कुणाची तरी थालीपीठं. ओटीतले नारळ मी गावभर प्रसाद म्हणून वाटले. मी निंगव्वाला आमटी वाढली. ती म्हणाली, "मीठ लई झालंय," आणि आणखी वाढून घेतली. पाचव्या दिवशी खाकरल्यावर पाटील निघणार का असं विचारायचंच विसरला. त्याच्या फोटोत उजवी मिशी अंधारात गेली होती, ती पुन्हा काढायची होती. पटकी त्या गावात आली नाही. मुळात ती येणार होती की नव्हती, कुणास ठाऊक. हलगीवाला मात्र ठामपणे सांगायचा की मोटारीला बघून ती वाटेतनंच माघारी फिरली.

नववी सकाळ उजाडली आणि निघायचं ठरलं. जाण्याआधी सगळ्या गावाचा मोटारीबरोबर एक फोटो घ्यायचा होता. हे फडक्याखाली शिरले आणि लगेच बाहेर आले. चाकाखालचा तो धोंडा फोटोत फार वाईट दिसतो म्हणाले. ह्यांचं असलंच असायचं. धोंडा काढला तर मोटार उतारावरून ओढ्यात जाणार, कारण ब्रेक नावाला होता. मग पाटील पुढं झाला. "हात लावा रं समदी!" चाळीस-पन्नास माणसं मोटारीला भिडली, बायासुद्धा, निंगव्वासुद्धा. धोंडा निघाला. ह्यांनी ओरडून सांगितलं, हलू नका, श्वास घेऊ नका. मी आत, माझ्या दारात उभी होते. पाटलाच्या मानेची शीर फुगलेली मला वरून दिसत होती. फोटो होईपर्यंत तेवढ्या माणसांनी माझ्या घराला हलू दिलं नाही.

पुढं आम्ही सात वर्षं त्या मोटारीत राहिलो. थोरली मुलगी तिच्यातच रांगायला शिकली, उतार कुठं आहे ते तिला चालण्याआधी कळायचं. लढाई सुरू झाली तसे टायर मिळेनासे झाले, मग सोलापुरात भिंतींचं घर घेतलं, मग दुसरं, मग हे मुलाचं. सगळी चांगली घरं आहेत. निंगव्वा गेली, हे गेले. मरीआईचे गाडे आता तसे कुणी लोटत नाही, आणि ते बरंच आहे. पण ताक आता विजेच्या यंत्रावर होतं, अंगण रोज तेच असतं, आणि कोऱ्या कागदावर उन्हात नाक-डोळे उमटताना बघायला अख्खं गाव उकिडवं बसत नाही. ह्याचं मला कधीमधी फार वाईट वाटतं आणि मग मी एकटीच हसत बसते, कारण सगळ्या त्या आठवणीत मी पुरणपोळ्यांसमोर उपाशी बसलेली असते.

हे सगळं पुढचं. त्या वर्षी शिमग्याच्या आदल्या दिवशी आम्ही सोलापुरात चाळीसमोर मोटार उभी केली. भावजी नुकतेच पाळीवरून आले होते. अक्कांनी लगबगीनं आमच्यासाठी कोपरा रिकामा केला होता, माझी ट्रंक ठेवायला जागा केली होती, आणि आता त्या माझं सामान आत घ्यायला मुलांना पिटाळत होत्या. त्यांना मी परत हवी होते, हे बघून मला भरूनही आलं आणि धस्सही झालं. भावजींनी पुरावा मागितल्यासारखा हात पुढं केला. ह्यांनी तो फोटो त्यांच्या हातात दिला.

भावजींनी तो उजेडात धरला. पुष्कळ वेळ बघितला. मग मान हलवली, आणि त्यांच्या आवाजात विजय नव्हता, कणवच होती.

"मला वाटलंच होतं. अख्खं गाव मिळून ढकलतंय तुम्हाला."

हे बोलायला गेले. पण चार-पाच महिन्यांपूर्वी भावजींसमोर मान वर न करणारी मी पुढं झाले आणि फोटोवर, पाटलाच्या फुगलेल्या मानेवर, निंगव्वाच्या चपटलेल्या तळव्यांवर बोट ठेवलं.

"नीट बघा, भावजी. ढकलत नाहीत. धरून ठेवलंय."

भावजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. मग दाराकडे वळून अक्कांना म्हणाले, "अगं, तिची ट्रंक खाली उतरवू नका. उद्या होळीची पोळी खाऊन निघायचंय त्यांना."